मनाचा हेत्वाभास

न्यायशास्त्र शिकताना गुरुजींनी आम्हांकडून हेत्वाभास घोकून घेतले. हेतूसारखा दिसतो पण हेतू नव्हे, तो हेत्वाभास. प्रतिपक्षाचा हेत्वाभास पकडण्यात आमची हयात गेली. पण माणूस स्वतःपुढेच हेत्वाभास मांडतो, तो कोणी पकडावा?

व्हिएन्नातील ॲना फ्रॉइड या विदुषींनी १९३६ साली यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे वडील सिग्मंड फ्रॉइड यांनी हा विचार आधीच मांडला होता. जे सोसवत नाही ते उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी मन नाना युक्त्या करते. त्यांस संरक्षण यंत्रणा म्हणतात. वड्याचे तेल वांग्यावर काढणे ही त्यांतलीच. आपल्या पोटातला द्वेष दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसणे, ही आणखी एक. आणि कृत्य एका कारणाने करून त्यास दुसरे शोभिवंत कारण जोडणे, या युक्तीस अर्नेस्ट जोन्स यांनी १९०८ साली रॅशनलायझेशन हे नाव दिले. ही लबाडी नव्हे बरे का! लबाडास आपली लबाडी ठाऊक असते. याला ठाऊकच नसते. शपथ घालून विचारा, उत्तर तेच येईल.

माझेच सांगतो. वीस वर्षांपूर्वी ज्येष्ठात आमचे थोरले बंधू अण्णा अंथरुणास खिळले. आमचा बांधावरून अबोला होता. पुतण्या बोलावू आला, "काका, अण्णांनी आठवण काढलीय. चला ना." मी म्हटले, "अरे, दिंडी निघायची. नेम मोडू कसा? परतलो की येतो." नेम खोटा नव्हता, थोडे सत्य असल्यावाचून असे कारण उभेच राहत नाही. पण आदल्याच वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी वारी चुकविली होती. तेव्हा कुठे गेला होता नेम? हा प्रश्न मला त्या दिवशी सुचलाही नाही. उलट आपण मोठा त्याग केला, असेच वाटत होते.

दिंडी वाटेत असतानाच अण्णा गेले. घरी पोहोचलो तो सारे आटोपले होते. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, चालून पाय दुखले असतील. टेका जरा." मी म्हटले, "वहिनी, माउलीची इच्छा." बोललो मात्र, आणि माझा आवाज मलाच कीर्तनातला वाटला. तिथे पहिल्यांदा शंका आली.

वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत. दरवर्षी वारीहून आलो की प्रसाद घेऊन जातो. बांधाची गोष्ट मात्र अजून त्यांच्यापाशी काढलेली नाही.