डोळा सुईवर, कान मालिकेवर

"मावशी, तू भरतेस की बघतेस, ते एकदा ठरव."

हे मी वाद घालायलाच म्हटलं होतं. वाईच्या घाटाचं चित्र ती क्रॉस स्टिचमध्ये भरते आहे: ढोल्या गणपतीचं देऊळ, पायऱ्या, खाली कृष्णेचं पाणी. फोटोवरून काढून घेतलेला आलेख 200 घरं रुंद आणि 280 घरं उंच, म्हणजे 56,000 फुल्या. त्यातल्या बहुतेक फुल्या संध्याकाळच्या मालिका चालू असताना पडतात.

"माझं म्हणणं साधं आहे," मी म्हटलं. "कोणीतरी तो प्रसंग लिहिला, कोणीतरी जीव ओतून केला, आणि नेमकी त्याच वेळी तू मान खाली घालून दोरा ओवतेस. इकडे सुई कापडात आणि मन त्यांच्या घरातल्या भांडणात. दोन्हीकडे तू अर्धीच. माणसाशी असं वागलो तर आपण त्याला अपमान म्हणतो."

"कापड लक्ष मागतं, हे खरं," मावशी म्हणाली. "पण सगळीकडे सारखं मागत नाही. इकडे ये, बघ."

तिने रिंग माझ्या हातात दिली. पाण्याच्या भागात एकाच रंगाच्या ओळीच्या ओळी होत्या. जाताना तिरके अर्धे टाके घालत जायचं, येताना त्यांच्यावर उलट्या तिरक्या टाक्यांनी फुल्या पुऱ्या करत यायचं. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला हवा. एक जरी उलटा पडला तरी त्याच्यावर उजेड वेगळा पडतो आणि तो लांबूनही डोळ्यांना खुपतो. "इथं मोजावं लागत नाही, हाताला कळतं," ती म्हणाली. मग तिचं बोट पायऱ्यांवर गेलं. "आणि हे बघ. 415, 318, 414. तिन्ही दोरे राखाडी. नंबर बघून वाटेल 318 सगळ्यात फिकट, पण फिकट आहे तो 415, आणि गडद 414. एका घरात हा, शेजारच्या घरात तो, मध्येच एकटी पांढरी फुली. ट्यूबलाइटखाली हे दोरे एकमेकांत हरवतात. म्हणून पायऱ्या मी सकाळी खिडकीपाशी भरते, टीव्ही बंद ठेवून. भरलेलं घर आलेखावर पेन्सिलीने खोडायचं, मग पुढचं."

कापडापुरता माझा मुद्दा संपला. उरली मालिका.

"म्हणजे अन्याय तिच्यावरच होतो," मी म्हटलं.

"तिच्यावर कसला अन्याय? ती ऐकण्यासाठीच केलेली असते. कोण आलं, कोण रागावलं, सगळं आवाजावरून कळतं. स्वयंपाकघरातूनसुद्धा कळतं."

यात तथ्य आहे, आणि त्याला इतिहासही आहे. रोजच्या मालिकेचा हा प्रकार अमेरिकेत रेडिओवर वाढला. इर्ना फिलिप्स नावाच्या लेखिकेची 'द गायडिंग लाइट' 1937 मध्ये रेडिओवर सुरू झाली, 1952 मध्ये टीव्हीवर आली आणि थेट 2009 पर्यंत चालली. साबण विकणाऱ्या कंपन्या अशा मालिकांचे प्रायोजक असत, कारण दुपारी घरात काम करत ऐकणारी बाई हीच त्यांची गिऱ्हाईक होती. हात कामात गुंतलेले असणार, हे धरूनच हे लेखन झालं. आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग चालली, तिच्यामागेही मला हीच समजूत दिसते.

"तेच तर मला सलतं," मी म्हटलं. "बाईचे हात रिकामे नसतात हे ओळखून तिचा उरलेला कान कोणीतरी विकत घेतला."

पण माझ्याच विरोधातली एक गोष्ट मला माहीत होती आणि ती दडवून वाद जिंकणं मला पटेना. क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून कामगारांना वाचून दाखवण्याची प्रथा आहे. शेकडो माणसं तंबाखूची पानं वळत बसलेली, आणि उंच जागी बसलेला वाचक वर्तमानपत्र, कादंबऱ्या मोठ्याने वाचतो आहे. वाचकाचा पगार कामगार आपल्या खिशातून देत आणि काय वाचायचं तेही तेच ठरवत. ड्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' त्यांना इतकी आवडायची की पुढे एका सिगारला 'माँटेक्रिस्टो' हे नाव मिळालं. त्या माणसांचं लक्ष अर्धं होतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मावशीला ही गोष्ट फार आवडली. "मग आपल्या जात्यावरच्या ओव्या काय वेगळ्या? हात खुंट्याला आणि तोंडात ओवी."

"वेगळ्या आहेत, मावशी. ओवी त्या बाईची स्वतःची असायची. भाऊ, माहेर, विठ्ठल, सासरचा जाच, सगळं तीच रचत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या बायका बोलत होत्या. तू नुसती ऐकतेस."

"दळण त्यांनी हौसेने घेतलं होतं का?" तिने लगेच विचारलं. "पहाटे उठून दळलं नाही तर भाकरी नव्हती. हे भरायला मला कोणी सांगितलेलं नाही. त्यांचं गाणं त्यांचं होतं, माझं काम माझं आहे. तू एकच बाजू मोजतेस."

मी गप्प झाले, कारण ती बरोबर होती. तरी काहीतरी टोचत होतं. मग मी तिला त्या कोरियन मालिकेची आठवण करून दिली. मीच लावून दिली होती. भाषा कळत नाही, खालच्या ओळी वाचाव्या लागतात. मान खाली गेली की गोष्ट हातची गेली. तेव्हा तिने रिंग बाजूला ठेवली होती, पण थोड्याच वेळात ती उठून चहा टाकायला गेली, मग कपड्यांच्या घड्या घालायला.

"कंटाळा आला होता?"

"नाही गं. गोष्ट छान होती." ती जरा थांबली. "रिकामे हात घेऊन बसवत नाही मला. कोणी विचारलं काय चाललंय, तर 'टीव्ही बघते' असं तोंडातून निघत नाही. 'भरते आहे' म्हटलं की बरं वाटतं."

म्हणजे इतका वेळ आम्ही भलत्याच गोष्टीवर भांडत होतो. प्रश्न लक्षाचा नव्हताच. हातातली सुई ही मालिका बघण्याची परवानगी होती.

"काका क्रिकेटची मॅच दिवसभर बघतात," मी म्हटलं. "त्यांना कधी वाटतं का, हातात काहीतरी हवं म्हणून?"

"नाही वाटत. पण उलटंही आहे हं. नुसतं भरत बसले, टीव्ही न लावता, तर मनात येतं: एवढा वेळ घालवून भिंतीवर एक चित्र, कोणाला हवंय ते? मालिका चालू असली की तो प्रश्न येत नाही. वेळ तसाही जाणारच होता, असं वाटतं."

मला ते ऐकून वाईट वाटलं. दोन आवडीच्या गोष्टी, आणि दोन्ही एकमेकींच्या आडोशाने करायच्या. एकीचीही इच्छा सरळ उभी करायची नाही.

"मग आडोसा काढून बघ," मी म्हटलं. "काही दिवस दोन्ही वेगवेगळं कर."

"आणि त्यात मला गोडी वाटली नाही तर? आडोसा म्हणून सुरू झालं असेल, पण आता दोन्हींची मिळून एक तिसरीच गोष्ट झाली आहे. सुई चालू असली की मालिकेतलं दुःख अंगावर येत नाही, शेजारी बसतं. तेवढं मला झेपतं. हेही सोडून दे म्हणशील?"

हे माझ्या मनाला पूर्ण पटलेलं नाही. शेजारी बसलेलं दुःख कधीतरी समोर बसवून बघावं, असं मला अजूनही वाटतं. पण किती जवळ बसवायचं हे मी कोण ठरवणार, यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"उद्या ती कोरियन लाव," मावशी म्हणाली. "रिंग आतल्या खोलीत ठेवते. पण मी मध्येच उठले तर मला अडवायचं नाही. आणि तूही फोन आत ठेवायचास."

माझ्या हातात फोन होता. तो ठेवायचं मी कबूल केलं.