आत्मनिवेदन: दुसऱ्याचे आणि आपले



श्रीमद्भागवतात प्रल्हादाने जी नवविधा भक्ती सांगितली तिच्या आरंभी श्रवण आहे आणि शेवटी आत्मनिवेदन. आत्मनिवेदन म्हणजे आत्मसमर्पण, असा अर्थ शास्त्रकार करतात व तो योग्यच आहे. परंतु जे आपण कधी उघडून पाहिलेच नाही, ते देवापुढे ठेवणार तरी कसे? आत्मचरित्रांच्या वाचनाचा परमार्थाशी संबंध येतो तो येथे.

आम्हा सिल्वासाकरांना अशा वाचनाची ओढ वाटण्यास एक स्थानिक कारणही आहे. १७८३ मध्ये मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेलेली ही नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाली. त्या मुक्तिसंग्रामात श्री. सुधीर फडके होते. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ज्यांच्या संगीताने गीतरामायण घरोघर पोहोचले, तेच हे. त्यांचे ‘जगाच्या पाठीवर’ हे आत्मचरित्र हाती घेताना वाटते की आता यशाची कथा वाचावयास मिळेल; समोर येते ती उपासमार आणि निराधार भटकंती. आम्ही ते वाचून डोळे पुसले, आणि तरुणपणी आपणही किती कष्ट काढले हे घरच्यांना पुन्हा एकवार ऐकवले. (घरचे ऐकून घेतात, ही त्यांची थोरवी.)

येथेच आमच्या वाचनातील खोट आहे. पुस्तकात जो सोसतो तो आपण, आणि जो छळतो तो कोणी दुसराच, अशी वाटणी आम्ही पहिल्या पानावरच करून ठेवतो.

ही वाटणी मोडली ती संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांनी. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या. या सतराव्या शतकातील, तुकोबारायांच्या शिष्या, वेरुळनजीकच्या देवगावच्या. तिसऱ्या वर्षी त्यांचा विवाह तीस वर्षांच्या बिजवराशी, रत्नाकर पाठकांशी झाला. पुढे गाव सोडावे लागले आणि फिरत फिरत कुटुंब कोल्हापुरास आले. तेथे घरी एक कपिला गाय आली व तिचे वासरू या मुलीच्या मागे मागे कीर्तनासही जाऊ लागले. जयरामस्वामींनी त्या वासराच्या आणि मुलीच्या मस्तकावरून हात फिरवला. गावात चर्चा झाली. ती कानी पडताच पतीने तिला बांधून मारले. गाय-वासराने चारापाणी सोडले आणि थोड्याच दिवसांत वासरू गेले. त्यानंतर तिला स्वप्नात तुकोबारायांचा अनुग्रह झाला आणि पतीचा संताप अधिकच वाढला. वेदपाठी ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, ही एक गोष्ट. दुसरी अशी की लोक आता तिच्या दर्शनास येऊ लागले होते. मग आपल्याला कोण विचारणार?

बहिणाबाई हे सारे सांगतात, पण पतीची निंदा करीत नाहीत आणि स्वतःच्या मनातील ओढाताणही झाकीत नाहीत. पतिसेवा हाही धर्म, विठ्ठल हाही धर्म. दोन्ही एका घरात कसे नांदावेत, या प्रश्नाशी त्या झगडत राहतात. पुढे रत्नाकर आजारी पडले, त्यांना पश्चात्ताप झाला आणि सर्व कुटुंब देहूस गेले, हेही त्या तितक्याच सरळपणे नोंदवतात.

गेल्या चातुर्मासात हे अभंग वाचताना आम्ही प्रथम त्या बालिकेसाठी हळहळलो आणि रत्नाकरांवर चिडलो. मग एकाएकी पोथी मिटावी लागली. त्याच आठवड्यात आमच्या सूनबाईंनी देवळातील भजनास जाण्याविषयी विचारले होते आणि आम्ही म्हटले होते, “आणि घरचे कोण पाहणार?” हात उगारला नव्हता, आवाजही फारसा चढवला नव्हता. घरचे पाहण्याची चिंताही खरी नव्हती. आदल्या एकादशीस त्यांचा गळा ऐकून दोघा-तिघांनी आम्हाला “आपण त्यांचे सासरे का?” असे विचारले होते. येथे इतकी वर्षे काढून आमची ओळख आता सुनेवरून व्हावी, हे आम्हाला लागले होते. रत्नाकरांचे जे दुसरे कारण आम्ही नुकतेच तिरस्काराने वाचले होते, ते आमच्याच घरात बसलेले होते.

हे येथे छापावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. या पत्रिकेचे वाचक आम्हाला ओळखतात. देवळाच्या पायरीवर रोज भेटतात. परंतु सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माउलीने आपल्या घरातील गोष्ट जगापुढे ठेवली नसती, तर आम्हाला आमची दिसली नसती.

दुसऱ्या दिवशी आम्हीच सूनबाईंना भजनास जावयास सांगितले. कारण सांगितले नाही. तेवढे धैर्य झाले नाही. रात्री त्या परतल्या तेव्हा आम्ही ओसरीवर जागे होतो. “आज कोणता अभंग म्हटला तुम्ही मंडळींनी?” असे विचारले. त्या क्षणभर थांबल्या. मग पदर सावरून उंबऱ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, “मामंजी, नुसते सांगू, की म्हणून दाखवू?”