कर्जाचा कागद कोणी बुडवावा?

पेरणीच्या तोंडावर अकोल्याकडील एका गावी कीर्तन आटोपल्यावर एका वृद्ध माळकऱ्याने आम्हांस विचारिले, "महाराज, तुकोबानं लोकायच्या कर्जाचे कागदं इंद्रायणीत बुडोले. मंग ब्यांक आमचे काऊन बुडवत नाही?" मंडळी हसली. आम्हांस हसू आले नाही, कारण प्रश्न खरा होता.

तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळानंतर भावाच्या वाट्याची खतपत्रे त्यांनी भावास दिली व आपल्या वाट्याची डोहात सोडिली, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे सोडिले ते स्वतःचे. हा भेद ध्यानी धरावा.

आता बँकेचे पाहू. आपली समजूत अशी की, अमरावतीच्या पेन्शनराची ठेव उचलून बँक अकोल्याच्या शेतकऱ्यास कर्ज देते. तसे होत नाही. लाखाचे पीककर्ज मंजूर झाले की, बँक वहीत एका बाजूस शेतकऱ्याच्या नावे लाखाचे कर्ज मांडते, आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याच खात्यात लाख जमा करते. कोणाची ठेव कमी होत नाही. लाख रुपये नवे जन्मतात. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेनेही 2014 साली हे उघड लिहिले. तो पैसा बियाणेवाल्याकडे, मजुराकडे जाऊन त्यांची ठेव होतो. कापूस विकून कर्ज फिटले की तितका पैसा पुन्हा मावळतो. व्याज तेवढे बँकेचे उत्पन्न. मात्र मनास येईल तितके लिहिण्याची मुभा नाही. बँकेचे स्वतःचे भांडवल, रिझर्व्ह बँकेचे नियम, आणि रोखीने व इतर बँकांस चुकते करावे लागणारे पैसे, ही कुंपणे आहेतच.

मग त्या बाबांस उत्तर काय? कर्जाचा कागद बुडाला तरी मजुराची व बियाणेवाल्याची ठेव बँकेस देणे राहतेच. तोटा आधी बँकेच्या भांडवलास बसतो, फार झाला तर ठेवीदारास. म्हणूनच 2008 व 2017 सालच्या कर्जमाफीचे पैसे सरकारी खजिन्यातून बँकांस भरून द्यावे लागले. ते आपण सर्वांनीच दिले. देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जाणून द्यावे, एवढेच.

पण बँकेनेही ताठा धरू नये. तो पैसा तिने घरून आणिला नव्हता. शेतकऱ्याच्या शब्दावर तो जन्मला. आणि त्या शब्दामागे काय होते? वऱ्हाडची कोरडवाहू जमीन आणि मृगाचा पाऊस! हे दोघांसही ठाऊक होते, सही दोघांची होती. पावसाने दगा दिला तर दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी कसा? अशा साली मुदत वाढविणे, हप्ते पाडून देणे हा उपकार नव्हे, बँकेच्या वाट्याचा धर्म आहे.

कर्जापायी वऱ्हाडातील किती घरांचे कर्ते गेले, हे आम्ही सांगावयास नको. बापहो, कर्ज असणे ही लाज नव्हे. दिलेला शब्द पाळण्याची खटपट करावी. नाहीच जमले तर लपवू नये. घरी सांगावे, सोसायटीत सांगावे, दिंडीतल्या सोबत्यास सांगावे. कागद पुन्हा लिहिता येतो. गेलेला माणूस पुन्हा आणिता येत नाही.