भाकरीवरून तोंड फिरवलं की

संगमनेर तालुक्यात गाईनं खुराक सोडला तर ते दुपारपर्यंतही लपून राहत नाही. गव्हाणीत मुरघास तसाच पडलेला असतो, गोळीपेंडीला तोंड लावलेलं नसतं, गाय रवंथ करत नाही. मालकाचं लक्ष नसलं तरी संध्याकाळी संकलन केंद्रावरचं माप बोलतं. ‘राजहंस’सारखा दूध संघ उभा राहिलेल्या या तालुक्यात लिटर, फॅट आणि एसएनएफ यांवर घरं चालतात. दूध घटलं की जनावरांच्या डॉक्टरांना फोन जातो, आणि पलीकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरंही तयार असतात: कधीपासून खात नाही, शेण कसं पडतंय, अंग तापलंय का, व्यायला किती दिवस झाले.

त्याच गोठ्याच्या दाराशी बसलेल्या बारा वर्षांच्या कुत्र्यानं दोन दिवस भाकरीवरून तोंड फिरवलं, तर मात्र निदान घरातच होतं. ‘उन्हाचं नसंल खात.’ ‘म्हातारं झालंय आता, किती खाणार?’ गावातल्या बंगल्यात लॅब्रॅडॉर असेल तर भाषा बदलते, निदान तेच राहतं.

हे माया कमी असल्यामुळे होत नाही. कुत्र्यासाठी रात्र रात्र जागणारी माणसंही हेच करतात. फरक इतकाच, की गाईची भूक हिशेबाची बाब आहे आणि कुत्र्याची भूक मायेची. हिशेबात खोट आली की माणूस कारण शोधतो. मायेला नकार मिळाला की तो आणखी माया वाढतो. दूध-भाकरी नको, तर तुपाची पोळी. पोळी नको, तर चिकनचा रस्सा. रस्सा नको, तर पेढा. दर वेळी पदार्थ बदलतो. कुत्रं का खात नाही, हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

आमच्या घरच्या कुत्र्याचं म्हातारपणी जेवण तुटलं, तेव्हा तो काय करायचा ते मी जवळून पाहिलं आहे. आईनं भाकरीचा तुकडा हातानं पुढे केला की तो ओठांच्या टोकानं अलगद उचलायचा, शेपूट एकदोनदा हलवायचा, आणि तुळशीवृंदावनामागे जाऊन तुकडा तिथं ठेवून द्यायचा. चावायचा नाही. ‘घेतलं बाई एकदाचं,’ म्हणून आईला हायसं वाटायचं. वृंदावनामागे तुकड्यांचा ढीग सापडला तेव्हा कळलं, की तो भुकेपोटी घेतच नव्हता. हात पुढे आला म्हणून घ्यायचा. आयुष्यभर त्यानं आमचं ऐकलं होतं, आजारपणातही ऐकत होता.

अशा आग्रहात एक प्रत्यक्ष धोकाही आहे. नाशिकच्या रस्त्यावर द्राक्षं रचलेली दिसतात, प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतातच. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा-लसणानं त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. ‘अंग दुखत असंल’ म्हणून दिलेली माणसाची वेदनाशामक गोळी तर आजारी कुत्र्याला थेट मृत्यूच्या दारात नेऊ शकते. जे त्याला बरं करेल असं आपल्याला वाटतं, त्यातलं बरंचसं आपल्याच समाधानासाठी असतं.

म्हातारपण हा आजार नव्हे, ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. म्हाताऱ्या कुत्र्याची भूक थोडी कमी होते. ती एकाएकी मरत नाही. ती मेली असेल तर मागे कारण असतं, आणि कुत्रं ते आपल्या परीनं दाखवतही असतं. भांड्याशी येतं, घास उचलतं आणि टाकतं, म्हणजे भूक आहे पण दात किंवा हिरड्या दुखताहेत. भांड्याजवळ येऊन वास घेतं, ओठ चाटतं, लाळ गळते आणि तोंड फिरवतं, म्हणजे मळमळतंय. हिरड्या पांढुरक्या पडल्यात, अंगात ताप आहे, कानामागे गोचिड्या आहेत, तर गोचीड-ताप असू शकतो. आपल्याकडे हा आजार नेहमीचा आहे. त्यातलं कुत्रं थेट मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं, आणि वेळेवर औषध सुरू झालं तर पुष्कळदा काही दिवसांतच भांडं चाटून पुसून ठेवतं. नसबंदी न झालेली म्हातारी कुत्री माजानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली, पाणी जास्त पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथं दिवस मोजत बसायला वेळ नसतो.

मूत्रपिंडाचा आजार मात्र दबकत येतो. मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसत नाही. त्याआधी कित्येक महिने कुत्रं पाणी जास्त पीत असतं, लघवीला जास्त जात असतं, रात्री दार वाजवत असतं. हे सगळं घरात दिसतं. पण पाणी पिणं आपल्याला प्रकृतीचं लक्षण वाटतं. जेवण थांबलं की मगच आपण दचकतो. तोवर त्याच्या तोंडाला अमोनियासारखा वास येऊ लागलेला असतो.

आपली नजर अशी कच्ची राहण्याला एक इतिहासही आहे. म्हातारं कुत्रं हा आपल्या भागात तसा नवा प्राणी आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. उसात राहणाऱ्या त्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. बिबट्यातून वाचलं तर रेबीज, पार्व्हो, नाहीतर पुणे-नाशिक महामार्ग. वस्तीवरचं कुत्रं बारा-तेरा वर्षांचं होऊन आजारानं घरात झुरतंय, हे आजोबांच्या पिढीनं क्वचितच पाहिलं. लसी आल्या, कंपाउंड आलं, कुत्रं रात्री घरात झोपू लागलं, आणि त्याला म्हातारपण लाभलं. ते आपणच त्याला दिलं आहे. मग त्यातली दुखणी ओळखण्याची जबाबदारीही आपलीच.

इथं आणखी एक समजूत आड येते. ‘त्यानं अन्न सोडलंय, त्याला कळलंय सगळं,’ असं लोक आदरानं म्हणतात. महाराष्ट्राच्या मनात अन्न सोडण्याला मोठं स्थान आहे. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि 15 तारखेला देह ठेवला. त्याआधी 1966 मध्ये सावरकरांनी प्रायोपवेशन केलं. त्यांच्या निर्णयाबद्दल कोणाचं काहीही मत असो, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. कुत्र्याचं तसं नसतं. त्याच्या पोटात ढवळत असतं, तोंडात व्रण असतात, पोटात गाठ दाबत असते. त्याच्या उपाशीपणाला व्रताचं तेज चढवणं दिसायला आदराचं, पण त्यातून डॉक्टरकडे जाण्याची वेळ टळते एवढंच. मळमळ थांबवणारी औषधं आहेत, भूक वाढवणारी आहेत, सलाईन आहे. ‘कळलंय’ म्हणण्याआधी ती देऊन पाहिली पाहिजेत.

उपचार म्हणजे पुन्हा जबरदस्ती नव्हे. सिरिंजनं पेज तोंडात ओतली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. आणि मळमळत असताना जे अन्न कोंबलं, त्याचा बरं वाटल्यावरही कुत्र्याला तिटकारा येतो. थोडं, कोमट, वासाचं अन्न पुढे ठेवावं, काही मिनिटांनी उचलावं. किती खाल्लं, किती प्यालं, उलटी कधी झाली, हे वहीत लिहावं. डॉक्टरांना ‘काहीच खात नाही हो’ या वाक्यापेक्षा त्या वहीच्या एका पानाचा उपयोग अधिक होतो. मोठ्या तपासणीसाठी नाशिक किंवा चंदनापुरी घाट ओलांडून पुणं गाठायचं, तर त्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: या तपासणीनं उपचार बदलणार आहेत का? बदलणार नसतील, तर तो प्रवास कुत्र्यासाठी नसतो. खर्चाचा विचार करण्यातही लाज नाही. कर्ज काढून दोन आठवडे विकत घेतले म्हणून माया मोठी ठरत नाही.

आणि मग कधीतरी ती वेळ येते, जेव्हा औषधानंही तोंड उघडत नाही. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यक बाईंनी अशा वेळेसाठी एक साधं मोजमाप सुचवलं: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सातही गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर जगण्याची प्रत बरी. गुणांनी प्रश्न सुटत नाही, पण एक मोठा फायदा होतो. भूक सातांपैकी एक होते. जेवणाच्या भांड्यावर खिळलेली आपली नजर कुत्र्याकडे वळते. तो उठून उन्हात जाऊन बसतो का? ओळखीची गाडी आली की मान वर करतो का? स्वतःच्या घाणीत पडून राहतो का?

यापुढचा निर्णय आपल्याला सर्वांत जड जातो. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेनं तडफडत होतं. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली, डॉक्टरांना बोलावलं आणि इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं. देशभरातून टीकेचा भडिमार झाला. गांधीजींनी ‘नवजीवन’मधून त्याला उत्तर दिलं, त्यांच्या लेखी ही कृती अहिंसेतच बसत होती. ज्या माणसानं मुंगीच्या जिवाचाही विचार केला, त्यानं जीव लांबवणं आणि जिवाची दया करणं यांत फरक केला. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. ज्या जनावराला जिवंत ठेवणंच क्रूरपणाचं होईल, त्याचा अंत करण्याची तरतूद त्यातल्या कलम 13 मध्ये आहे.

तरी ‘आपण कोण मारणारे?’ हा प्रश्न उरतो. प्रश्न खोटा नाही. पण बारा वर्षं त्याचं सगळं आपणच ठरवलं: कुठं झोपायचं, काय खायचं, पिल्लं होऊ द्यायची की नाही. आता फक्त शेवटचं ठरवताना ‘वरच्याची इच्छा’ म्हणून हात झटकणं म्हणजे नम्रता नव्हे. ती सोय आहे. उलट बाजूनं, औषधाला फिरायचा कंटाळा आला म्हणून पहिल्या आठवड्यातच सुईची भाषा करणं हीही सोयच. योग्य वेळ या दोन सोयींच्या मधे कुठंतरी असते, आणि ती रोज पाहणाऱ्यालाच सापडते.

रतन टाटांना फेब्रुवारी 2018 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात प्रिन्स चार्ल्स यांच्या हस्ते गौरव स्वीकारायचा होता. ‘टँगो’ आणि ‘टिटो’ या त्यांच्या कुत्र्यांपैकी एक फार आजारी पडला म्हणून ते गेले नाहीत, अशी आठवण त्यांचे परिचित सुहेल सेठ यांनी सांगितली आहे. लोक त्यात मोठेपणा पाहतात. मला त्यात व्यवहार दिसतो. त्यांच्याकडे नोकर होते, डॉक्टर होते, पैसा होता. तरी आजारी कुत्र्याजवळ असणं हे एकच काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हे त्यांना समजलं होतं.

ते काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे. म्हाताऱ्या कुत्र्यानं एक दिवस जेवण सोडलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. पदार्थ बदलत बसू नका. उपचार चालू असतील तर लिहून ठेवा. उपाय संपले असं डॉक्टरांनी सांगितलं तर घास पुढे करणं थांबवा, पाणी जवळ ठेवा, अंथरूण कोरडं ठेवा. आणि इंजेक्शनचा निर्णय झालाच, तर दवाखान्याबाहेर गाडीपाशी उभे राहू नका. आत जा.