देशाच्या वतीने कोण गातो?

१९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात राष्ट्रांनी प्रत्येकी दोन गीते घेऊन आरंभिलेली युरोव्हिजन स्पर्धा आज जगभर पाहिली जाते. आणि २०१५ पासून सुदूर ऑस्ट्रेलियाही तीत भाग घेत असल्यामुळे, आपला देश अशा व्यासपीठावर केव्हा उभा राहणार, हा प्रश्न एखाद्या तरुण रसिकाच्या मनात उद्भवला तर ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यापूर्वी आणखी एका प्रश्नाचा निकाल लागला पाहिजे. देशाच्या वतीने गाण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होतो, आणि कशाच्या बळावर?

त्या स्पर्धेचे नियम या दृष्टीने उद्बोधक आहेत. गीत तीन मिनिटांत संपले पाहिजे. ते स्वदेशाच्या भाषेतच असावे ही सक्ती अनेक वर्षे होती, ती १९९९ पासून उठली. गायक त्या देशाचाच असावा असा दंडक नसल्यामुळे १९८८ साली स्वित्झर्लंडला विजय मिळाला तो कॅनडाच्या सेलीन दिऑन यांच्या कंठातून. मात्र कोणत्याही राष्ट्राला स्वतःच्या गीतास मत देता येत नाही, आणि या नियमात मला फार मोठे तथ्य दिसते. कारण आपल्या गाण्याविषयीचा अभिमान आपल्या दरबारी कितीही मान्य असला, तरी त्याची खरी पारख परक्या कानांनी केल्यावाचून पुरी होत नाही.

अशी पारख आपल्या वाट्याला एकदा आली, आणि तीही कोणताही अर्ज न करता. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून पृथ्वीच्या संगीताची सुवर्णमुलामा दिलेली तबकडी अवकाशात धाडण्याचे ठरले, तेव्हा कार्ल सेगन यांच्या समितीपुढे रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतज्ञाने भारतासाठी सुचविलेले नाव होते सूरश्री केसरबाई केरकर यांचे. बाजारात दुर्मीळ झालेली त्यांची ध्वनिमुद्रिका अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली, आणि सत्तावीस रचनांच्या त्या निवडीत भैरवीची सुमारे साडेतीन मिनिटे समाविष्ट झाली. त्याच वर्षीच्या १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या.

त्या साडेतीन मिनिटांमागे केवढी सिद्धता होती, हे करवीरनगरीत राहणाऱ्यास विशेष जाणवावे. गोव्यातील केरी येथे, पोर्तुगीज अंमलाखालील मुलखात जन्मलेल्या केसरबाईंनी बालपणी याच कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिक्षण घेतले. आणि पुढे १९२१ पासून ज्यांच्यापाशी त्यांनी वर्षानुवर्षे कठोर तालीम घेतली, ते अल्लादिया खाँसाहेब उत्तरेतून येऊन १८९५ पासून येथील दरबारचे गवई होते. शाहू छत्रपतींनी गुणी कलावंतास निर्वेधपणे जगता येईल अशी तजवीज केली, म्हणूनच अल्लादिया खाँसाहेबांची जयपूर-अत्रौली गायकी या मातीत रुजली. त्यांचे पुत्र भुर्जी खाँ यांनी ती मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्या शिष्यांस दिली. भुर्जी खाँसाहेबांकडेच शिकलेल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी पुढे केसरबाईंच्याही शिष्या झाल्या.

आता ते गाणे कोणाचे म्हणावे? गुरू उत्तरेकडचे मुसलमान, शिष्या गोमंतकीय, आश्रयदाते मराठा छत्रपती, आणि शिफारस करणारा अमेरिकन. एवढ्या भिन्न मुलखांतील आणि धर्मांतील माणसांचे श्रम एका स्वरात एकवटले, तेव्हा ते गाणे भारताचे म्हणून विनासायास ओळखले गेले. प्रतिनिधित्वाची सनद त्याला कोणत्याही दप्तरातून मिळवावी लागली नाही.

यावरून स्पर्धा त्याज्य आहेत असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण राष्ट्राराष्ट्रांनी एकमेकांची गीते ऐकावीत यासारखा सभ्य व्यवहार क्वचितच असेल. माझे म्हणणे एवढेच, की स्पर्धेसाठी गीताची निवड काही महिन्यांत होऊ शकते, पण निवडण्याजोगा गळा सिद्ध होण्यास एका पिढीचा आश्रय लागतो. आणि शाहू छत्रपतींनी एका संस्थानाच्या मर्यादित खजिन्यातून पत्करलेले ते उत्तरदायित्व आज शासनाने, नगरपालिकांनी आणि येथील देवल क्लबसारख्या जुन्या संगीतसंस्थांच्या पाठीशी उभे राहू शकणाऱ्या धनिकांनी पत्करले पाहिजे. होतकरू गायकास चरितार्थाची विवंचना न करता दहा वर्षे एका गुरूपाशी बसता येईल, अशी वृत्ती त्यांनी कायमची बांधून द्यावी. ती व्यवस्था असेल, तर जगाच्या कोणत्याही व्यासपीठावर आपल्या वतीने कोणी गावे, ही चिंता आपणांस करावी लागणार नाही.