इशारा आणि श्रद्धा

पवित्र भूमीची यात्रा घडावी, ही अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक कॅथोलिक कुटुंबांची मनीषा असते. परंतु शासनच ‘तेथे जाऊ नका’ असे सांगते, तेव्हा श्रद्धावंताने काय करावे? थांबणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे होय काय?

प्रथम इशाऱ्याचे स्वरूप पाहू. १२ एप्रिल २०२४ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने, पुढील सूचना मिळेपर्यंत इराण व इस्रायलचा प्रवास करू नये, असा सल्ला दिला. तेथे असलेल्यांनी दूतावासात नोंदणी करावी, असेही सुचविले. असा सल्ला बहुधा बंदी नसतो. निर्णय आपल्या सदसद्विवेकावर सोपविलेला असतो. म्हणूनच हा नैतिक प्रश्न ठरतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अकस्मात युद्ध भडकले, तेव्हा मेघालयातील २७ यात्रेकरू बेथलेहेमात अडकले व अखेर सीमा ओलांडून इजिप्तमध्ये सुखरूप पोहोचले. पवित्र कुटुंबानेही बेथलेहेमाहून मिसर देशाचीच वाट धरली होती. स्वप्नात इशारा मिळताच संत योसेफ रात्रीच निघाले. त्यांच्या श्रद्धेला उणेपणा आला, असे कोण म्हणेल?

उलट संत पौलाला अगब संदेष्ट्याने बंधनांची पूर्वसूचना दिली, तरी तो यरुशलेमेस गेला. आपल्या काळातही असे घडले. २०१५ मध्ये भारत शासनाने युद्धग्रस्त येमेनमधून आपले नागरिक परत आणले. परंतु एडनमधील मदर तेरेजांच्या भगिनी आश्रमातील वृद्धांना सोडून गेल्या नाहीत. ४ मार्च २०१६ रोजी त्यांतील चौघींची हत्या झाली. फादर टॉम उझुन्नालिल यांचे अपहरण झाले; १२ सप्टेंबर २०१७ रोजी ते सुटले.

मग योग्य कोण? आमच्या मते दोघेही. योसेफांच्या हाती बालक होते, भगिनींच्या हाती वृद्ध. दोघांनीही स्वतःचा नव्हे, सोपविलेल्या जिवांचा विचार केला. यात्रेकरूने स्वतःला हेच विचारावे : मी कोणासाठी जात आहे? माझ्या धाडसाची किंमत कोण मोजील? घरची मुलेबाळे की सोडविण्यास येणारा परका? केवळ आपल्या इच्छेसाठी संकटात उडी घेऊन ‘देव तारील’ म्हणणे, ही देवाची परीक्षा पाहणे होय. मंदिराच्या शिखरावर प्रभूने तीच नाकारली.

तथापि, यात्रेकरू न आल्याने बेथलेहेमातील ख्रिस्ती बांधवांची चूल थंडावते, हेही विसरू नये. गुड फ्रायडेला पवित्र भूमीसाठी दान गोळा होते. यात्रा लांबली, तर तिच्या खर्चातील काही वाटा त्यात टाकावा. आणि मतमाउलीच्या दर्शनास हरेगावी जाऊन त्या बांधवांसाठी प्रार्थना करावी.