कोमल स्वराखालची रेघ

दिंडोशीला नागरी निवाऱ्यात माझ्याकडे एक संग्राहक स्नेही येतात. परवा त्यांनी 'कुंकू' या बोलपटाच्या गाण्यांची पुस्तिका चाळली आणि म्हणाले, "पेन्सिलीनं खरडलंय. खोडून टाका, नाहीतर कोरी प्रत शोधा." मला पटलं. रबरही काढून ठेवलं. पण ते 'खरडलंय' मनात सलत राहिलं.

नारायण हरी आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' आणि तिच्यावरचा प्रभातचा १९३७चा बोलपट 'कुंकू' यांतली, जरठ नवऱ्याशी लग्न लावून दिलेल्या तरुणीची कथा इथं पुन्हा सांगायला नको. कादंबरी वाचताना बाई एकटीच डोळे पुसे. शांताराम आठवल्यांची गीतं आणि केशवराव भोळ्यांच्या चाली मात्र चारचौघांत म्हणता येत. जरठ नवऱ्याला 'नाही' म्हणण्याची सोय जिला नव्हती, तिला 'कुंकू'च्या नायिकेचं, नीरेचं गाणं म्हणण्याची सोय होती.

कादंबरीवरून गाणं अमेरिकेतही आलं होतं. बोस्टनमध्ये १८५२ साली 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी पुस्तकरूपानं आली आणि त्याच वर्षी तिच्या प्रकाशकानं तिच्यातल्या छोट्या इव्हावरचं गाणं स्वरलिपीसह छापलं. तिकडं दिवाणखान्यात पियानो असे, म्हणून सूरही छापून विकले जात. आपल्या पुस्तिकांत फक्त शब्द. चाल थिएटरात किंवा तबकडीवरून कानानं उचलायची. म्हणजे आपला कागद अर्धाच छापलेला. उरलेला ज्यानं त्यानं भरायचा.

माझ्या प्रतीत तो कुणीतरी भरलाय. शब्दांवर सा रे ग, समेला फुली, कोमल स्वराखाली आडवी रेघ. सगळं भातखंडे स्वरलेखन पद्धतीनं. एका ठिकाणी शुद्ध गंधार खोडून कोमल केलाय. आधी चुकलं, पुन्हा ऐकलं, मग सापडलं. एवढी मेहनत कोऱ्या प्रतीत कुठून दिसणार? कोरी प्रत छापखान्याची साक्ष देते, हे स्नेह्यांचं म्हणणं खरं आहे. ती जपावीच. पण पाहायचा कागद वेगळा, गायचा वेगळा. दुसऱ्याला पहिल्याचा नियम लावला की त्यातलं गाणंच पुसलं जातं.

आणि मग मलाही सुटका नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मीही माझ्या प्रतीला पाहायचाच कागद केलं होतं. रबर परत खणात गेलं. रविवारी पुस्तिकेची झेरॉक्स शेजारच्या पेटी शिकणाऱ्या मुलीला दिली. तिनं त्या खुणांवर बोटं फिरवली आणि चाल लागली.

तुमच्या घरी अशी पुस्तिका असेल तर पेन्सिलीची अक्षरं खोडू नका. एकदा पेटीवर वाजवून पाहा.